टेन्शन घेऊ नका म्हणे! इसब, झोप आणि मन: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात इसबावर लिहिलं होतं, म्हणजे ज्याला आपण आता सर्रास एक्झिमा म्हणतो तो. त्यात शेवटी सहज एक ओळ टाकली होती की खाजेमुळे झोप जात असेल, मन उदास राहत असेल तर तेही स्किनच्या डॉक्टरांना सांगा. मलमांवर मी दोन पानं लिहिली होती, पण पत्रं आली ती या एका ओळीवर. रावेर, यावल, पारोळा, धुळे, शहादा, सगळीकडून. पंचवीस वर्षं त्वचेचीच प्रॅक्टिस करते आणि खरं सांगायचं तर त्यातली पहिली दहा वर्षं मी पेशंटला 'झोप कशी आहे' हे विचारलंच नव्हतं, ओपीडीत साठ माणसं बसलेली असायची, डाग बघायचे, ट्यूब लिहायची, पुढचा. म्हणून यावेळी फक्त याच विषयाची पत्रं घेतेय. नावं-गावं बदललीत किंवा गाळलीत.

मॅडम, मी यावल तालुक्यातली, वय २४, एमकॉम झालंय. गावाचं नाव नका छापू, आमच्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात. लहानपणापासून इसब आहे, कोपराच्या घडीत आणि गुडघ्यामागे, दोन वर्षांपासून मानेवर पण आलाय. मे महिन्यात ४५ डिग्रीत फुल बाह्यांचा ड्रेस घालते, वर ओढणी. आतापर्यंत चार स्थळं येऊन गेली. आई म्हणते चहा हातात नको देऊ, ट्रे टेबलावर ठेवून मागे सरक. तिसऱ्या स्थळाच्या एका मावशीने मानेकडे बघून विचारलंच, 'हाई काय व्हयनं?' आई म्हणाली उन्हाळं लागलंय. रात्री एक-दीडला जाग येते, झोपेतच खाजवलेलं असतं, चादरीला रक्त लागतं, आई उठायच्या आत मी ती धुऊन टाकते. आखाजीला (अक्षय तृतीयेला) सगळ्या बहिणी माहेरी आल्या होत्या, झोक्यावर बोलवत होत्या, मी पोट दुखतंय सांगून आत पडून राहिले. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म पण भरला नाही. कधी कधी वाटतं मी नसते तर आईचं टेन्शन तरी गेलं असतं. सगळे म्हणतात तू टेन्शन घेतेस म्हणून वाढतं. माझीच चूक आहे का?

अगं, तुझं एक वाक्य मी सगळ्यात आधी घेते, मलम-बिलम नंतर. 'मी नसते तर' हे वाक्य. ते तू मला, एका अनोळखी बाईला लिहिलंस, म्हणजे घरात कुणाला बोललेली नाहीस असंच मी धरून चालते. आज बोल. बहीण, आत्या, मैत्रीण, ज्या कुणासमोर तुला रडता येतं तिच्याशी, आणि 'मला असं वाटतं' एवढंच सांगायचं, त्याची कारणं देत बसायचं नाही. तेही जमत नसेल तर १४४१६ नंबर लाव, टेलिमानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. आणि हा विचार परत परत येत असेल किंवा 'कसं करू' इथपर्यंत जात असेल तर नुसत्या फोनवर थांबू नको, कुणाला तरी सोबत घेऊन त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ. तुझ्या घरातल्या मोठ्यांनी हे वाचलं तर त्यांनाही सांगते, शेतीवाल्या घरात फवारणीच्या औषधाचे डबे जिन्याखाली नाहीतर खाटेखाली पडलेले असतात, ते कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःकडे. पोरीवर संशय घ्या असं मी म्हणत नाहीये, वाईट क्षण बहुतेक वेळा येऊन निघून जातो, त्या क्षणाला हाताशी काही नसावं एवढंच.

आता चूक. तुझी चूक काहीही नाही. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं तू पाहिलीच असशील, पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकून ते नीट चोपून घेतात, नाही घेतलं तर आत गळतं. कातडीचं पण तसंच आहे. वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचं एक प्रोटीन असतं, ते कातडी घट्ट ठेवतं, ओलावा आत धरतं. बऱ्याच जणांच्या जीनमधेच ते कमी बनायचं लिहिलेलं असतं, हे २००६ साली शोधून काढलं. मग ओलावा बाहेर जातो, धूळ, साबण, घाम आत शिरतात, अंगाची संरक्षण यंत्रणा चवताळते आणि खाज सुटते. म्हणजे तुझं धाबं जन्मापासून पातळ आहे. त्यात तू टेन्शन घेतलंस म्हणून ते पातळ झालं, असं होत नाही.

पण टेन्शनचा संबंधच नाही असंही मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. संबंध आहे, फक्त तो लोक समजतात तसा एका बाजूनं जात नाही. खाजेनं झोप जाते. रात्री कातडी गरम होते, जास्त सुकते आणि अंगातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं सूज उतरवणारं हार्मोन, ते रात्री सगळ्यात कमी असतं, म्हणून तुझी एक-दीडची वेळ. महिनोन्महिने झोप नाही मिळाली तर कुठल्याही माणसाचं मन खचतं, तू काय आणि मी काय. वर कातडीत जी सूज असते तिची रसायनं रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात आणि मूडवर काम करतात असं आता बरंच दिसून आलंय. मग चिडचिड, रडू, लोकांना टाळणं, आणि या सगळ्याच्या ताणानं परत खाज. गर्भात असताना कातडी आणि मेंदू एकाच थरातून तयार होतात, त्यामुळे दोघांचं जुनं नातं आहे म्हण ना. ज्यांना एक्झिमा आहे अशा मोठ्या माणसांमधे डिप्रेशन आणि अँक्झायटी बाकीच्यांपेक्षा साधारण दुप्पट सापडते, आणि तुझ्यासारखे नकोसे विचारही जास्त येतात. एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. डुपिलुमॅब म्हणून एक इंजेक्शन आहे, अमेरिकेत २०१७ ला मंजूर झालं, ते फक्त कातडीची सूज कमी करतं, मनाचं औषध नाहीच ते. पण ट्रायलमधे ते घेतलेल्यांची कातडी सुधारली तशी उदासी आणि भीतीही कमी झालेली दिसली. (महाग आहे, फार महाग, म्हणून लगेच शोधायला जाऊ नको, त्याआधी करण्यासारखं पुष्कळ आहे.)

तर 'टेन्शन घेऊ नको' म्हणणाऱ्यांचं काय करायचं? मला तर त्या वाक्याचा रागच येतो. पाय मोडलेल्याला लंगडू नको म्हणण्यासारखं आहे ते. म्हणणारे मोकळे होतात आणि पेशंटच्या डोक्यावर आणखी एक ओझं, की आजार पण माझाच आणि गुन्हा पण माझाच.

करायचं काय ते सांगते. अंघोळ कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटं, घासणी-बिसणी नको. अंग टिपून दोन-तीन मिनिटांत, ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, आणि बोटभर नाही, भरपूर. सगळ्या अंगाला लावायचं तर मोठ्या माणसाला आठवड्याला पाव किलोच्या आसपास लागतं, म्हणून महागडी छोटी बाटली आणण्यापेक्षा साधं पांढरं पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टर सांगतील ते मोठ्या डब्यातलं घे. उन्हाळ्यात चिकट होतं, घाम येतो, हे मला माहीत आहे, मग दिवसा पातळ लोशन आणि रात्री जाड. लाल झालेल्या जागी डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम, आणि ते घाबरत घाबरत पुसटसं लावायचं नाही. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ निघते तेवढं म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ते बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. मानेसाठी वेगळं, सौम्य किंवा बिनस्टिरॉइडचं, टॅक्रोलिमस वगैरे मिळतं. मात्र मेडिकलवाल्या दादांना विचारून आणलेली तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब, ती बंद. २०१८ मधे सरकारनं अशी कितीतरी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय देऊ नका असं सांगितलंय, तरी मिळतात, आणि चेहऱ्या-मानेची वाट लावतात.

खाजवायचं कसं थांबवायचं हा तुझा खरा प्रश्न असणार, कारण 'खाजवू नको' हे ऐकून तू कंटाळली असशील. स्वीडनमधे काही डॉक्टरांनी सवय मोडायची एक पद्धत बसवली, १९८० च्या दशकातली आहे, मी ती रोज शिकवते. हात खाजवायला निघाला की मूठ घट्ट आवळायची आणि तीसपर्यंत आकडे मोजायचे. तरी खाज असेल तर त्या जागी नख टेकवून किंवा तळव्यानं नुसतं दाबायचं, ओरबाडायचं नाही. त्याआधी आठवडाभर फक्त मोजायचं की दिवसातून किती वेळा हात जातो, मोबाईलवर टिचक्या मारत. मोजायला लागलीस की तुला कळेल, निम्म्या वेळा खाज नसतेच, हात आपला सवयीनं जातो, अभ्यास करताना, फोनवर बोलताना, बघायचा कार्यक्रम ठरला की.

आणि मनाचं वेगळं बघायचं, कातडी बरी झाली की होईल आपोआप असं म्हणून लटकवायचं नाही. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास वाटलं का, आणि पूर्वी आवडायचं त्यात रस उरला नाही असं झालं का, हे दोन प्रश्न आहेत, आणि तुझ्या पत्रातच दोन्हीचं उत्तर 'हो' आलंय. मानसोपचार डॉक्टरांना भेट. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे स्किन आणि मानसोपचार दोन्ही ओपीडी असतात, एकाच चकरेत दोन्ही होतात, आणि कुणी ओळखीचं भेटलंच तर सांग स्किनला आलेय.

लग्नाचं. आईला मी दोष देणार नाही, ती माऊली घाबरलीये. पण लपवून झालेल्या लग्नात रोज रात्री चादर कोण धुणार? इसब कुणाला लागत नाही, शिवल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही, हे स्वतः आधी पाठ कर आणि मग पुढच्या वेळी तूच सांग, मोकळ्या हातानं चहा देऊन. मुलांना होण्याची शक्यता थोडी वाढते, होईलच असं नसतं, हेही विचारलं तर खरं ते सांगायचं. ज्यांना चालणार नाही ते जातील, आणि चहाच्या ट्रेवरून गेलेलं बरं. हां, एक लक्षात ठेव, पुढे कधी डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू केली तर लग्नाचं, मुलाबाळांचं त्यांच्याशी आधी बोलायचं, ती गरोदरपणात चालत नाही.

फॉर्मची तारीख गेली असेल तर पुढची जाहिरात येईल. मला परत लिही, खरंच लिही.

ताई नमस्कार, पारोळा तालुका. आमच्या मालकांचं वय ५२, कपाशी आणि थोडी ज्वारी. तीन पावसाळे झाले, तोंड, पापण्या, मान, कोपराच्या घड्या काळ्या आणि जाड पडल्यात, म्हशीच्या कातडीसारख्या. दिवाळीनंतर थोडं बरं, आखाजीनंतर परत. माणूस फार शांत होता, आता पोरांवर हात उगारतो, रात्री शेतात झोपायला जातो म्हणतो घरात गरम होतं, आणि संध्याकाळी घ्यायला पण लागलाय. कर्जाचं टेन्शन आहेच. दीर म्हणतात कर्जाच्या टेन्शनमुळे अंगावर उठलंय. आधी काय, टेन्शन का खाज?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला कर्जापेक्षा आधी बांधावरचं गाजर गवत दिसलं. काँग्रेस गवत म्हणतात ना, पांढऱ्या बारीक फुलांचं, तेच. १९५० च्या दशकात पुण्याकडे त्याची पहिली नोंद झाली, परदेशी गव्हाबरोबर आलं असं सांगतात, आणि आज रेल्वेलाईन, पडीक जमीन, बांध, कुठे नाही ते सांगा. त्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, त्याची काहींच्या कातडीला अॅलर्जी होते, वाळलेल्या गवताचा भुगासुद्धा वाऱ्यानं उडून अंगावर बसतो. म्हणून जे उघडं असतं ते धरतं, तोंड, पापण्या, मान, आणि घाम साचतो त्या घड्या. पावसाळा हाच त्याचा सीझन. पत्रावरून निदान करू नये हे मला कळतं, पण मालकांना स्किनच्या डॉक्टरकडे नेऊन पॅच टेस्टचं विचारा, पाठीवर पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात, परत एक-दोन दिवसांनी बघतात, सुई-बिई काही नाही. तोपर्यंत त्यांनी ते गवत उपटायला जायचं नाही, दुसऱ्यानं हातमोजे घालून फुलं यायच्या आत उपटावं, पेटवायचं तर मुळीच नाही. शेतातून आल्याबरोबर तोंड-हात धुऊन कपडे बदलायचे, ते कपडे घरात खुंटीवर नाही टांगायचे. शेवंती आणि सूर्यफूल त्याच कुळातली आहेत, काहींना त्यांचाही त्रास होतो. (हे गवत खाणारा एक मेक्सिकन भुंगा १९८४ मधे मुद्दाम आपल्या देशात आणून सोडलाय, पावसाळ्यात पानांवर दिसला तर मारू नका बिचाऱ्याला, तो आपल्या बाजूनं आहे.) आजार जुना आणि जाड झालेला असला तर अझाथायोप्रिनसारख्या गोळ्या देतात, रक्त तपासत तपासत, स्वस्तही आहेत, पण डॉक्टरांच्या नजरेखालीच.

आधी काय, याचं उत्तर असं की त्यांच्यात दोन्ही एकमेकांना ओढतायत. १९९५ च्या जानेवारीत जपानमधे कोबेकडे मोठा भूकंप झाला, नंतर तिथल्या डॉक्टरांनी एक्झिमाच्या पेशंट्सकडे पाहिलं तर जिथे पडझड झाली तिथल्या लोकांचा आजार लांबच्यांपेक्षा खूप जास्त बिघडलेला. म्हणजे धक्क्यानं कातडी बिघडते हे खरं. पण ज्यांची बिघडली त्यांना एक्झिमा आधीपासून होता. कर्जानं तुमच्या मालकांची खाज वाढली असेल, पण दीर म्हणतात तसं कर्जानं ती जन्माला घातली नाही, आणि कर्ज फिटेपर्यंत मलमाला हात लावायचा नाही असं तर अजिबात नाही.

शेतात झोपायला जाण्याचं कारण मला गरमी वाटत नाही. असे पुरुष मी खूप पाहिलेत, रात्रभर कराकरा खाजवताना बायको-पोरांनी बघू नये, ऐकू नये म्हणून बाहेर जातात, कुणी ओट्यावर, कुणी गच्चीवर, कुणी शेतात. ते कुणाला सांगत नाहीत, चिडतात फक्त. बायका रडतात म्हणून डॉक्टरला डिप्रेशन दिसतं, पुरुष खेकसतात आणि पितात म्हणून ते घरादाराला नुसता त्रास वाटतं. दारूनं झोप लागल्यासारखी वाटते पण मधेच तुटते आणि अंग तापून खाज वाढते, हे भांडून नाही, सकाळी शांतपणे सांगा. 'तुम्हाला मानसिक झालंय' म्हणून सुरुवात कराल तर ते यायचेच नाहीत. म्हणा, मानेचं दाखवायला जाऊ. आत गेल्यावर तुम्ही स्वतः डॉक्टरांना सांगा की झोप नाही, घेतात, पोरांवर हात उगारतात, आणि कर्जाचंही सांगा. आणि ते एकटे शेतात झोपतात तिथे फवारणीचं औषध ठेवू नका. का ते तुम्हाला कळलं असेल.

माझा मुलगा पाच वर्षांचा, धुळे. सहा महिन्यांचा असल्यापासून एक्झिमा. रात्री मी त्याचे हात धरून झोपते, म्हणजे झोपत नाहीच. शाळेतून तक्रार, एका जागी बसत नाही, लक्ष नाही. सासूबाई म्हणतात तू पोटुशी असताना वांगी खाल्ली. स्टिरॉइडला घाबरून मी मलम अर्धवट लावते. परवा त्याने खाजवलं तर मी त्याला जोरात फटका मारला आणि नंतर बाथरूममधे जाऊन रडले.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की वांग्याचा यात काहीही हात नाही.

अर्धवट लावल्यानं मलम जास्त दिवस लावावं लागतं, आणि सूज मुरत जाते, हा हिशोब उलटा पडतो ना. योग्य ताकदीचं मलम, योग्य प्रमाणात, लाली जाईपर्यंत रोज, आणि मग ज्या जागा परत परत उठतात तिथे डॉक्टर म्हणाले तर आठवड्यातून दोनच दिवस, अशी पद्धत आहे. रात्री हात धरण्याऐवजी नखं बारीक कापून ठेवा, सुती पूर्ण बाह्यांचे पातळ कपडे, कूलर त्याच्या बाजूला, आणि झोपायच्या अर्धा तास आधी मॉइश्चरायझर. त्याचं शाळेतलं चुळबुळणं कदाचित झोपेचं असेल, मोठी माणसं झोप नसली की पेंगतात, पोरं उलट सैरभैर होतात. दोन महिने झोप सुधारून बघा आणि तरी तसंच राहिलं तर मुलांच्या डॉक्टरांकडून लक्षाची वेगळी तपासणी करून घ्या, एक्झिमाच्या मुलांमधे ती अडचण थोडी जास्त दिसते, झोप मोडणाऱ्यांमधे विशेष. दूध, अंडं, शेंगदाणे हे मात्र कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका, वाढीचं वय आहे.

आणि तुम्ही. साडेचार वर्षं सलग झोप नाही म्हणजे काय असतं ते तुम्हालाच माहीत. फटका मारला ते चुकलं, ते तुम्हाला कळलंय, म्हणून रडलात, त्यावर मी प्रवचन देत नाही. नवऱ्याला हे पत्र दाखवा. आठवड्यातल्या तीन रात्री पोरगा बाबांजवळ झोपेल, मलम बाबा लावतील, आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून. तो म्हणेल मला सकाळी ड्युटी असते. तुम्हालाही असते. तरीही रडू थांबत नसेल तर मुलाच्या पुढच्या तारखेला स्वतःचाही केसपेपर काढा.

जळगावला होस्टेलवर आहे. स्किनच्या सरांनी रात्री डॉक्सेपिन दिली, गूगल केलं तर डिप्रेशनची गोळी निघाली. मी सरांना वेडा वाटलो का?

नाही रे. ती गोळी डिप्रेशनसाठीच बनली होती, पण खाज सुटायला हिस्टामिन नावाचं अंगातलं रसायन ज्या दारातून शिरतं ते दार ती फार जोरात बंद करते, म्हणून कमी डोसमधे आम्ही खाज आणि झोप यासाठी देतो. तेवढ्या डोसनं डिप्रेशन बरंही होत नाही. सकाळी सुस्ती राहिली तर गाडी चालवू नको, आणि सोबत दारू नको. सरांना विचारायला पाहिजे होतंस खरं म्हणजे, पण सरांनीही दोन वाक्यं सांगायला हवी होती.

वय १९. इसबासाठी लिवोसेट्रिझिन आणि मॉन्टेल्युकास्टची एकत्र गोळी चार महिने चालू आहे. भयानक स्वप्नं पडतात, उगाच भांडावंसं वाटतं. संबंध असेल का?

असू शकतो. मॉन्टेल्युकास्ट ही दम्याची आणि नाकाच्या अॅलर्जीची गोळी, इसबात तिचा फारसा उपयोग दिसलेला नाही तरी चिठ्ठीवर येतेच. वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, मरणाचे विचार, असं काहींना होतं म्हणून अमेरिकेच्या औषध खात्यानं मार्च २०२० मधे तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. सगळ्यांना होत नाही, घाबरू नको, पण उद्याच डॉक्टरांना फोन करून स्वप्नांचं सांग. दमा पण असेल तर आपल्या मनानं बंद करू नको, ते दुसरं काही देतील. मरणाचे विचार येत असतील तर मात्र उद्याची वाट नको बघू.

चोपड्याकडे अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, तिथे अंघोळ केली की कातडीचे रोग जातात म्हणतात. माझी आजी दर वर्षी नेते. जाऊ का?

आजीबरोबर जा. डोंगराची हवा, दर्शन, सोबत दिवसभर आजी, यानं मन हलकं होत असेल तर मी कोण नको म्हणणारी. पण गरम पाण्यात इसबवाल्यानं डुंबायचं नाही. त्या वेळी खाज शमल्यासारखी वाटते, फार सुख वाटतं, आणि घरी पोचेपर्यंत कातडी सुकून दुप्पट खाज. चिरा पडल्या असतील, पाणी झिरपत असेल तर पाण्यात उतरूच नको, हात-पाय धू आणि पिशवीत मॉइश्चरायझरचा डबा ने.

मॅडम, भुसावळ, वय ४१. सहा वर्षांपूर्वी इसब झाला तेव्हा एकांनी सांगितलं वांगं आणि शेंगदाणे कायमचे बंद. तेव्हापासून भरीत खाल्लेलं नाही. हिवाळ्यात मित्र शेतावर भरीत पार्टी करतात, आधी बोलवायचे, मी जायचो नाही, आता बोलवत पण नाहीत. एवढंच विचारायचं होतं, खाऊ का?

खा हो भाऊ. मोठ्या माणसाच्या इसबाचं कारण खाणं फार क्वचित असतं. वांगं खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ-तोंड खाजणं, सूज येणं, अंगावर गांधी उठणं असं कधी झालं असेल तर गोष्ट वेगळी, मग आधी डॉक्टर. पण तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, तुम्हाला कुणीतरी सांगितलं आणि तुम्ही सहा वर्षं पाळलं. जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे आणि तुम्ही भुसावळला बसून ते खात नाही, हे माझ्याच्यानं वाचवेना. आधी घरी थोडं खाऊन तीन-चार दिवस बघा, शेंगदाण्याचंही तसंच. काही नाही झालं तर यंदा थंडी पडली की बोलावणं यायची वाट न बघता तुम्हीच मित्रांना फोन करा. वांगी मी आणतो म्हणा, बामणोदची. कपाशीच्या काड्यांचा जाळ झाला की धुरापासून जरा लांब बसा, त्यानं खाज सुटू शकते, आणि कळण्याची भाकरी असेल तर माझ्या वाटची पण घ्या.